वारशात आलेले तेलाचे हक्क कंपनीला लीजवर द्यावेत का?

रेवती, ऑस्टिन
माझ्या दिवंगत नवऱ्याच्या आजोबांची टेक्ससमधल्या रीव्ह्ज काउंटीत जमीन होती. 1950 च्या दशकात त्यांनी ती विकली, पण खालच्या खनिजांचे हक्क स्वतःकडे ठेवले. तिथे तसं करता येतं. वरची जमीन एकाची, खालचं तेल दुसऱ्याचं. वाटण्या होत होत ते हक्क आमच्यापर्यंत आले. एकूण 40 एकर, चार वारस, म्हणजे माझे 10. आता एका कंपनीचा लँडमन, म्हणजे मालकांकडून हक्क मिळवणारा माणूस, मागे लागलाय. सही केली की एकरी बोनस, तीन वर्षांची मुदत, 1/5 रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या तेलाच्या किमतीतला वाटा. दोन्ही दिरांनी आणि नणंदेने सही करून टाकली. मुलगी पर्यावरणशास्त्र शिकते, ती म्हणते अजिबात देऊ नकोस. पैशांची मला गरज आहे, तिच्याच फीसाठी आहे. तरी हात धजत नाही. तुमचं मत हवंय.

माळरान
देऊ नका, ताई. त्या भागात तेलाच्या एका पिंपामागे तीन-चार पिंपं खारं पाणी वर येतं. त्यातलं बरंचसं पुन्हा जमिनीत खोल दाबतात. त्याने भूकंप होतात, ही ऐकीव गोष्ट नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये रीव्ह्जच्या सीमेवरच 5.4 तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या पट्ट्यात खोलवर पाणी दाबण्यावर सरकारला निर्बंध आणावे लागले. शिवाय तुम्ही ऑस्टिनला. वरच्या जमिनीवर राहतं कोण? टेक्ससमध्ये खनिजांचा हक्क वरचढ मानतात. कंपनी रस्ता काढेल, ड्रिलिंगसाठी जागा सपाट करेल, आणि त्या माणसाला रॉयल्टीतला एक डॉलरही मिळणार नाही.

दाजी, ह्यूस्टन
माळरान यांची कळकळ समजते, पण ताईंनी नाही म्हटल्याने विहीर थांबणार आहे का? तिघांच्या सह्या झाल्यात. टेक्ससमध्ये एका सहहिस्सेदाराची लीजही कंपनीला पुरते. मग ताईंना रॉयल्टी नाही. विहिरीचा सगळा खर्च वसूल झाल्यावर उरलेल्या नफ्यातला हिस्सा, तोही हिशेब मागत बसायचं. ओक्लाहोमात तर राज्याचा आयोगच हुकूम काढून न देणाऱ्याला सामील करून घेतो. म्हणून प्रश्न द्यावं की नाही हा नाहीच. कोणत्या अटींवर द्यायचं, हा आहे.

1/5 वर मुळीच सही करू नका. त्या भागात 1/4 मागतात आणि मिळतोही. 640 एकरांच्या युनिटमध्ये, म्हणजे उत्पादनासाठी एकत्र धरलेल्या जमिनीत, तुमचे 10 एकर म्हणजे 0.015625 हिस्सा. युनिटमधून महिन्याला 10 लाख डॉलरचं तेल विकलं गेलं, तर 1/5 ने तुमचे 3,125 डॉलर होतात, 1/4 ने 3,906. यातून राज्याचा 4.6 टक्के उत्पादनकर जाईल. आणि विहिरीचं उत्पादन पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्याने उतरतं, त्यामुळे हा आकडा कायमचा धरू नका. 20 एप्रिल 2020 ला तर अमेरिकेतल्या तेलाचा वायदेभाव उणे 37.63 डॉलरवर बंद झाला होता. फीचं गणित रॉयल्टीवर मांडू नका, बोनसवर मांडा.

दुसरं, रॉयल्टीतून कापला जाणारा वाहतूक-प्रक्रियेचा खर्च. लीजमध्ये ‘कपात करणार नाही’ एवढंच लिहून भागत नाही. 1996 मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने असं वाक्य असूनही कपात मान्य केली, कारण रॉयल्टीची किंमत विहिरीच्या तोंडाशी, म्हणजे हे खर्च होण्याआधीची, धरायची असं त्याच लीजमध्ये लिहिलेलं होतं. तेल-वायूचा वकील करा. लँडमनने दिलेला छापील मसुदा कंपनीच्या सोयीचाच असतो.

माळरान
म्हणजे सगळे लुटतात म्हणून आपणही घ्यायचं? दाजी, तुमचा कायदा बरोबर असेल. पण मुलगी जे शिकतेय त्याच्याच विरुद्ध जाणाऱ्या पैशातून तिची फी भरायची, हे ताईंना खुपतंय. त्याचं उत्तर टक्क्यांत नाही.

जोशीकाका, वडोदरा
मी गुजरातच्या तेलक्षेत्रात नोकरी केली. आपल्याकडे शेतकऱ्याला जमिनीचं भाडं आणि पिकाची भरपाई मिळते. रॉयल्टी राज्य सरकारकडे जाते. सातबाऱ्यावर नाव असलं तरी तेलाबद्दल त्याला कोणी विचारत नाही. रेवतीला विचारताहेत, तर तिने त्या संधीचा पुरेपूर वापर करावा. घरापासून आणि पाण्याच्या बोअरपासून किती फूट लांब खोदायचं, हे लीजमध्ये लिहून घे. आणि मुली, वारसनोंद झालीय का? नवऱ्याचं मृत्युपत्र रीव्ह्ज काउंटीत नोंदलेलं नसेल तर कंपनी पैसे अडकवून ठेवेल.

दाजी, ह्यूस्टन
काकांचा मुद्दा लाखमोलाचा. आणखी एक: तीन वर्षांच्या मुदतीवर भुलू नका. एका विहिरीतून थोडं जरी किफायतशीर तेल निघत राहिलं तरी लीज चालूच राहते, आणि न खोदलेले थरही कंपनीकडे अडकून पडतात. मुदतीनंतर युनिटबाहेरची जमीन आणि खोदलेल्या थराखालचं सगळं परत मिळेल, असं कलम घाला.

रेवती, ऑस्टिन
सगळ्यांचे आभार. माळरान यांनी विचारलं म्हणून चौकशी केली. वर एक वयस्क पशुपालक राहतात, गुरांचं पाणी एकाच बोअरवर आहे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, विहीर होणार हे त्यांनी गृहीतच धरलंय, पण बोअरचं काय होईल याची झोप उडवणारी काळजी आहे. मी वकील केलाय. 1/4, कपातीचं नीट कलम, थर परत मिळण्याचं कलम आणि बोअरपासून 1,000 फूट, एवढं मान्य केलं तरच सही करणार. नाहीतर बिनसहीची राहीन, पैसे उशिरा मिळाले तरी चालेल. मुलगी अजून नाहीच म्हणते. बोनस तिच्या फीला न लावता वेगळा ठेवू म्हटलं, त्यावरही ती गप्प आहे.

माळरान
माझं मत अजूनही नकोच असं आहे. पण सही करणारच असाल तर अंतराबरोबर आणखी एक अट घाला: ड्रिलिंगआधी त्या बोअरच्या पाण्याची तपासणी, कंपनीच्या खर्चाने, बाहेरच्या प्रयोगशाळेत, आणि अहवालाची एक प्रत त्या पशुपालकांना. आधीचा अहवाल नसेल, तर उद्या पाणी खारं झालं तरी त्यांना काही सिद्ध करता येणार नाही.