1932 च्या चासीला एफ-1 बॉक्स की नवा व्हेगा?

रोडस्टरवाला
मॉडेल ए रोडस्टरची (फोर्डच्या जुन्या उघड्या गाडीची) बॉडी, 1932 च्या फोर्डची चासी, फ्लॅटहेड व्ही-8 (फोर्डचं जुनं इंजिन), पुढे सरळ ॲक्सल. गाडी इथे कॅलिफोर्नियात उभी राहतेय आणि जो तो सांगतोय, शेवरले व्हेगा गाडीचा नवा स्टीअरिंग बॉक्स (व्हीलचं फिरणं चाकांकडे नेणारा गिअरचा डबा) घे आणि मोकळा हो. मला हे अजिबात पटत नाही. या गाडीला 1948 ते 52 च्या फोर्ड एफ-1 ट्रकचाच बॉक्स शोभतो. डाव्या बाजूला फ्रेमच्या बाहेर आलेला पिटमन आर्म (बॉक्समधून निघालेला दांडा) आणि तिथून सरळ चाकाकडे पुढे गेलेली ड्रॅग लिंक (जोडदांडी), 1932 ची मूळ रचनाच अशी होती. व्हेगाचा बॉक्स पुढे फ्रेमच्या आत जातो आणि गाडीची ती अख्खी बाजू ओकीबोकी दिसते.

जुना बॉक्स धोक्याचा, असं सरसकट म्हणणंही मला मान्य नाही. न उघडता घेतलेला बॉक्स धोक्याचा. इथल्या पोमोनाच्या स्वॅप मीटला (जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला) किंवा ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला टेबलावर बॉक्स दिसला, की शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, फेरे मोजायचे आणि बरोबर मध्यावर आणायचा. चांगल्या बॉक्सला मध्यावर प्ले (ढिलेपणा) सगळ्यात कमी असतो. झिजलेल्याचं उलटं, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते आणि वर्मचा (आतल्या स्क्रूसारख्या गिअरचा) मधलाच भाग घासला जातो. मग विकणारा झाकणावरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून मधला प्ले घालवतो आणि बॉक्स टोकांना जाम होतो. पूर्ण फिरवल्याशिवाय हे कळत नाही. त्यानंतर बाजूचं झाकण उघडायला सांगा. जो नको म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका.

लेथवाला
असहमत. तुम्ही ज्या परंपरेसाठी भांडताय, ती नेमकी कोणती? युद्धानंतर पोरांनी 1932 च्या गाड्यांना 1939 पासूनच्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक लावले, कारण मूळचे ब्रेक रॉडवर चालायचे. तुमचा एफ-1 बॉक्ससुद्धा 1932 च्या गाडीसाठी पुढच्या काळातला, ट्रकचा माल. हाताशी असेल त्यातलं सगळ्यात चांगलं उचलायचं, हीच ती रीत! शेवरले व्हेगा भंगारात यायला लागल्या तेव्हा त्यांचा बॉक्स याच न्यायाने हॉट रॉडमध्ये, म्हणजे अशा फेरफार केलेल्या जुन्या गाड्यांमध्ये आला. लहान, हलका, आत रिसर्क्युलेटिंग बॉल (घर्षण कमी करणाऱ्या फिरत्या गोळ्या). आज तो नवा कोरा मिळतो.

तुमचा बॉक्स 70 वर्षांहून जुना. सेक्टर शाफ्टमधली (पिटमन आर्म ज्यावर बसतो त्या शाफ्टमधली) बारीक चीर झाकण उघडूनही दिसत नाही. तो शाफ्ट तुटला तर स्टीअरिंग व्हील नुसतं हातात उरतं.

रोडस्टरवाला
चीर डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच शाफ्ट आणि पिटमन आर्म दोन्हींची मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक आणि लोखंडाच्या भुकटीने चीर दाखवणारी) तपासणी करून घ्यायची. शाफ्टवरचे स्प्लाइन (खाचा) पिळलेले असतील किंवा बिडाच्या हाउसिंगच्या कानावर वेल्डिंग दिसलं, तर तो बॉक्स जिथला तिथे ठेवून पुढे चालू लागायचं. आर्म पुलरनेच काढलेला असावा. घण घातला की रोलर (वर्मवर फिरणारं चाक) आणि वर्मवर खड्डे पडतात. आणखी एक, आत काय भरलंय ते बघा. या बॉक्सना जाड गिअर ऑइल लागतं. कोणी घट्ट ग्रीस कोंबलं असेल तर वर्म त्यात आपली वाट कोरून घेतो आणि पुढे कोरडाच फिरतो. वरून भरलेला दिसणारा बॉक्स आतून खलास झालेला असतो.

ब्रेकचं म्हणाल तर 1939 चे ब्रेक 1950 च्या आसपासच्या गाडीत सर्रास असायचे. मला गाडी त्याच काळातली हवी आहे. व्हेगाच मुळी 1971 च्या मॉडेलपासून सुरू झाली.

ॲक्सल_आणि_कोन
दोघंही बॉक्सवर अडलाय. गाडी रस्त्यावर भरकटते ती बहुतेकदा लिंकच्या मांडणीमुळे.

एफ-1 म्हणजे साइड स्टीअर, ड्रॅग लिंक गाडीच्या बाजूने पुढे जाते. ॲक्सल वर-खाली होताना विशबोनच्या (ॲक्सलला मागे फ्रेमशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या पिव्हटभोवती फिरतो आणि ड्रॅग लिंक पिटमनच्या टोकाभोवती. ही दोन टोकं एकमेकांपासून दूर असली की प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळतं, याला आपण बंप स्टीअर म्हणतो. विशबोन स्प्लिट केला (मधून कापून दोन बाजूंना वेगळा जोडला) असेल तर ही टोकं शक्य तितकी जवळ आणा.

आणि लेथवाले, व्हेगा नवा म्हणजे निर्धास्त, असंही नाही. तिथे ड्रॅग लिंक आडवी जाते. फोर्डची आडवी पाटा स्प्रिंग शॅकलवर (हलत्या कड्यांवर) लटकते. उभ्या गाडीत व्हील फिरवलं की चाकं वळण्याआधी ॲक्सलच बाजूला सरकतो. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) हवाच, तोही ड्रॅग लिंकला समांतर आणि साधारण तेवढ्याच लांबीचा. तो न लावता व्हेगा बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि मला त्यांची खरोखर भीती वाटते. मला विचाराल तर पिव्हट जुळत असतील तिथे एफ-1.

पुण्याहून
फोर्डच्या गाड्या मुंबईत 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जोडल्या जात होत्या, म्हणून कोणी इथून बॉक्स मागवायच्या विचारात असेल तर थांबा. इथले बॉक्स उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या गाड्यांचे, तुमच्या डाव्या फ्रेमला ते चालणार नाहीत.

लेथवाला
पॅनहार्डचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण तो रॉड लावायला दोन ब्रॅकेट पुरतात. विशबोनचा पिव्हट हलवायचा तर फ्रेमवर नव्याने काम निघतं. आणि उद्या गाडी विकली, तर हा एफ-1 बॉक्स ॲडजस्ट करणारा माणूस नव्या मालकाने कुठे शोधायचा?

रोडस्टरवाला
पुढची चाकं हवेत उचला, ड्रॅग लिंक सोडा, बॉक्स मध्यावर आणा, लॉकनट ढिला करा आणि झाकणावरचा स्क्रू मध्यावर किंचित अडथळा जाणवेपर्यंत फिरवा. मग टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा, कुठेही अडकता कामा नये. हे नव्या मालकाला मी स्वतः करून दाखवीन. विशबोनचे ब्रॅकेट अजून फ्रेमला जोडलेले नाहीत, तेव्हा आधी बॉक्स बसवून पिटमनचं टोक पक्कं करतो आणि पिव्हट त्यावरून ठरवतो.