सगळ्यांसाठी एकच फाइल? नर्स, डॉक्टर, लॅबवाले आणि मावशींच्या शिकण्यावर चर्चा

सिस्टर_ट्यूटर_नाशिकरोड

आधी घडलेलं सांगते, मुद्दा नंतर.

जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते. आवणीचे दिवस. एक बाई साप चावला म्हणून आली. पायाला खूण होती, सूज नसल्यात जमा, साप कुणी पाहिला नव्हता. डॉक्टरांनी २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सांगितली. मी काचेच्या नळीत २ मिली रक्त घेतलं, न हलवता ठेवलं, वेळ लावली. वीस मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. रक्त गोठू न देणारा साप, म्हणजे घोणस किंवा फुरसं, असणार असं धरून एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) १० व्हायल, म्हणजे बाटल्या, सुरू झाल्या. थोड्या वेळात बाईला थंडी भरली, अंगभर गांधी उठल्या, अ‍ॅड्रिनलिन द्यावं लागलं. वाचली.

रात्री लॅबवाल्या दादांनी विचारलं, "सिस्टर, नळी कशाने धुता?" मला माहीतच नव्हतं. मावशी साबणाने घासून लख्ख करून ठेवायच्या. दादांनी त्याच रॅकमधली नळी घेतली, त्यात माझं रक्त काढलं आणि आम्ही चहा घेत बसलो. वीस मिनिटांनी माझंही रक्त वाहत होतं! स्वच्छ काचेला रक्त टेकलं की गोठण्याची क्रिया सुरू होते. साबणाचा थर राहिला, किंवा नळी प्लास्टिकची असली, की ती नीट होत नाही. त्या बाईला एएसव्ही लागत होतं की नव्हतं, हे आता कुणालाच कळणार नाही.

चाचणी कधी करायची हे डॉक्टरांच्या ट्रेनिंगमध्ये होतं, रक्त कसं घ्यायचं हे माझ्या, काचच का हे दादांच्या. मावशींना ट्रेनिंगच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये एकत्र शिक्षणाची व्याख्या केली, तिचा मथितार्थ असा की वेगवेगळ्या पेशांच्या लोकांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकायचं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या म्हसरुळला आहे. डॉक्टर, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओ सगळे एकाच विद्यापीठाचे. तरी प्रत्येकाच्या नोट्स आपापल्या कपाटात. म्हणून म्हणते, नाशिकपुरता एक सामायिक साठा करू. एक केस, एक फाइल, त्यात सगळ्यांची कामं शेजारी शेजारी. मराठीत आणि फुकट. बोला.

एमडी_गंगापूररोड

सिस्टर, प्रसंग वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्ष पटला नाही. ही चूक एका ओळीच्या सूचनेने टळली असती: "नळी साबणाने धुऊ नका." त्यासाठी सगळ्यांनी सगळं शिकायची गरज काय? एएसव्हीचा डोस, अ‍ॅड्रिनलिन, श्वास बंद पडला तर ट्यूब घालणं, या गोष्टी कायद्याने ज्याच्या आहेत त्याच्याच हातात राहाव्यात. सगळ्यांसाठी खुली फाइल म्हणजे उद्या नाक्यावरचा बोगस डॉक्टरही तीच वाचणार. अर्ध्या ज्ञानाने जीव जातो हे मी आयसीयूत दर पावसाळ्यात बघतो.

लॅबवाला_सिडको

डॉक्टर साहेब, ती एक ओळ लिहिणार कोण, आणि मावशींपर्यंत नेणार कोण? आमच्या पुस्तकात ती होतीच. आम्हाला वाटायचं सिस्टरना माहीत असेल, सिस्टरना वाटायचं नळी लॅबची म्हणजे लॅब बघेल. रोग माहितीचा नाहीच, गृहीत धरण्याचा आहे.

फार्मसी_पंचवटी

सिस्टर, एक दुरुस्ती. "सगळे एकाच विद्यापीठाचे" हे खरं नाही. आम्ही फार्मसीवाले म्हसरुळच्या विद्यापीठात नाहीच. डी.फार्म. तंत्रशिक्षण मंडळाकडे, बी.फार्म. पुणे विद्यापीठाकडे. तुमच्या वॉर्डातल्या निम्म्या मुली एएनएम-जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या असतील, त्यांची परीक्षा राज्य नर्सिंग मंडळ घेतं. सामायिक साठा करायचा तर आधी कुणाचा अभ्यासक्रम धरायचा यावरच सहा महिने भांडण होईल. शेवटी पोरं विचारणारच, "पेपरला येणार का?" नाही म्हटलं की फाइल कोण उघडतं!

सिस्टर_ट्यूटर_नाशिकरोड

दुरुस्ती मान्य, चूक माझी. मात्र अभ्यासक्रम धरायचाच नाही, दारात आलेला पेशंट धरायचा.

एमडी सर, बोगसांना अडवायला नोट्स लपवणं हा उपाय आहे का? आणि नर्सला डोस कळला म्हणून ती स्वतः लिहून देत नाही. एका रात्री पाच वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी १० व्हायल लिहिल्या. नव्या सिस्टरला वाटलं चुकून मोठ्याचा डोस लिहिलाय. फोन लागेपर्यंत बाटल्या हातात धरून ती थांबली. मुलालाही तेवढाच डोस असतो, कारण लहान मूल बघून साप विष कमी सोडत नाही. हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर ती थांबली असती का? माहीत असल्यामुळे होणारं नुकसान तुम्ही मोजलंत, माहीत नसल्याचं कोण मोजणार?

निवृत्त_प्राध्यापक_इंदिरानगर

मी उघड विरोधात आहे आणि कारण वैयक्तिक आहे, लपवत नाही. तीस वर्षं शिकवलं. हाताने आकृत्या काढल्या, पेशंटची परवानगी घेऊन फोटो जमवले. एका खासगी क्लासच्या नोट्समध्ये माझ्याच आकृत्या निघाल्या, खालची सही पुसलेली. "फुकट वाटा" म्हणणाऱ्याला कष्ट दिसत नाहीत. आणि फोटोंचं काय? चेहरा झाकला तरी लहान गावात गोंदणावरून माणूस ओळखतात.

फिजिओ_कॉलेजरोड

सर, खुला परवाना म्हणजे सही पुसायची परवानगी नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. त्यातल्या एकाच्या अटी साध्या आहेत: मूळ नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका, बदल केलात तर याच अटींवर पुढे द्या. हे स्पष्ट लिहिलेलं असलं तर क्लासवाल्याला जाब तरी विचारता येतो.

निवृत्त_प्राध्यापक_इंदिरानगर

जाब विचारायला कोर्टात मी जायचं, या वयात. असो. फोटोंचा मुद्दा तुम्ही गाळलात.

सिस्टर_ट्यूटर_नाशिकरोड

सरांचं बरोबर आहे. साठ्यात पेशंटचे फोटो नकोतच, आकृत्याच ठेवू.

आयसीयू_सिस्टर_त्र्यंबकरोड

माझा विरोध वेगळ्या टोकाचा आहे. शेअर करा, जरूर करा, पण त्याला एकत्र शिकणं म्हणू नका. ऑपरेशनआधीची सुरक्षा यादी आठवा. २००९ मध्ये आठ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात आपली दिल्लीही होती. यादी वापरल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. जगभर वाहवा झाली. मग कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात शंभराहून जास्त रुग्णालयांनी तीच यादी लागू केली आणि २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कागद तोच होता ना? का, यावर वाद आहेत. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं तेवढं मी सांगते. "सगळ्यांनी नावं सांगा" या ओळीवर मी टिक करते, सर मोबाइलवर असतात. फाइल मराठीत आली म्हणून ते मोबाइल खाली ठेवणार आहेत?

एमडी_गंगापूररोड

हा आक्षेप मात्र मला लागला. (मोबाइलवाला मीही असतो.)

पण साठ्याचा खरा धोका अजून कुणी बोललं नाही: शिळी माहिती. टीबीची दिवसाआडची औषधं बंद होऊन २०१७ मध्ये देशभर रोजचा डोस सुरू झाला, तरी जुने तक्ते अजून भिंतींवर आहेत. सीपीआरमध्ये २०१० पासून आधी छाती दाबायची, श्वास नंतर. जुन्या नोट्समध्ये उलटं सापडतं. तुमच्या साठ्यात फाइल टाकायला शंभर जण येतील. काढायला कोण येईल? चुकीच्या फाइलमुळे पेशंट गेला तर सही कुणाची?

आशा_ताई_पेठ

मी सगळं वाचलं. मला डोस नको, मला बोलायचं कसं ते द्या. व्हिडिओत म्हणतात "बाधित अवयव स्थिर ठेवावा." माझ्या पाड्यावर हे कुणाला कळणार? आमच्याकडं लोक कोकणी बोलतात. मी सांगते, "पाय हलवू नको, काठी लावून बांध, चालत येऊ नको." माणूस आधी भगताकडं जातो, तिथून दोरी आवळून येतो. रस्त्यात आम्ही दोरी सोडली तर डॉक्टर ओरडतात, नाही सोडली तर पाय काळा पडतो. कुणीतरी मला कारण सांगितलं का कधी?

एमडी_गंगापूररोड

ताई, कारण असं: घट्ट दोरी एकदम सोडली तर साठलेलं विष एकाच वेळी अंगात जाऊ शकतं. म्हणून श्वासाची सोय आणि औषधं हाताशी ठेवून दवाखान्यातच सोडायची. आणि दोरी बांधूच नये, हे गावात आधी सांगायचं. तुम्ही रस्त्यात सोडत नसाल तर ते बरोबरच आहे. ओरडणारा मी नव्हतो अशी आशा करतो.

लॅबवाला_सिडको

सर, फाइलचं पहिलं पान हेच झालं बघा.

सिस्टर_ट्यूटर_नाशिकरोड

एमडी सरांच्या शिळ्या माहितीच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. प्रत्येक फाइलवर तारीख आणि तपासणाऱ्याची सही. वर्षभरात कुणी पुन्हा सही केली नाही तर फाइल आपोआप बाहेर. म्हणजे साठा छोटा राहील, दहा-बारा फाइल्सचा. राहू दे. तज्ज्ञाने सही केली नाही तर काय, याला मात्र उत्तर नाही.

आयसीयू सिस्टर, तुमचं ऐकून मी प्रस्ताव बदलतेय. फाइल आधी लिहायची नाही. डॉक्टर, सिस्टर, लॅब, फार्मसी, आशा आणि मावशी एका टेबलाशी बसून खरी नळी घेऊन चाचणी करतील, आणि त्या वेळी जे भांडण होईल तेच लिहायचं. तसंही २०२७ च्या सिंहस्थाला बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं इथे ड्युटीला येतील. त्यांची एकमेकांशी ओळख नसेल. त्यांना द्यायला दोन पानं तरी हवीत.

निवृत्त_प्राध्यापक_इंदिरानगर

माझा विरोध कायम. सर्पदंशाच्या चार आकृत्या देतो, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सहीसकट छापायच्या. फुरसं नीट आलेलं नाही, पुन्हा काढतो.

फार्मसी_पंचवटी

बसायचं कधी? महिनाअखेर नको, आमचा स्टॉक मोजायचा असतो.

आयसीयू_सिस्टर_त्र्यंबकरोड

आमच्या मावशींना विचारलं. त्या म्हणतात, दुपारी तीननंतर जमेल, पण नळ्या मग धुवायच्या कशाने, ते आजच सांगा.