'रुळणे' चार दिवसांत होतं का? बुसानहून एक शंका

सोनचाफा
मी मिरजेची, शिकते पुण्यात, आणि सध्या एका सत्रासाठी दक्षिण कोरियातल्या बुसानला आले आहे. इथलं सत्र मार्चच्या सुरुवातीला सुरू होतं, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी पोचले. आमच्या कॉलेजच्या अंकासाठी पहिल्या दिवसांवर लेख पाठवला. त्यात वाक्य होतं, 'चार दिवसांत मी इथे रुळले.' अंकाचं काम बघणाऱ्या सरांनी 'रुळले' खोडून 'स्थिरावले' केलं. फोनवर आजीला वाचून दाखवलं, तर ती तिसरंच म्हणाली, "चार दिवसांत माणूस सरावतं गं. रुळायला वर्ष जातं."

खरी अडचण कोरियन शब्दापासून सुरू झाली. इथे भेटेल तो विचारतो, 'जॉगुंग हॅसॉयो?' जॉगुंग हा चिनी मुळाचा शब्द, अर्थ नव्या परिस्थितीशी जुळणं. खोलीतली मैत्रीण, ऑफिसातल्या बाई, कोपऱ्यावरचे दुकानदार, सगळ्यांचा हाच प्रश्न. मनातल्या मनात मराठीत उत्तर देताना 'रुळले' येतं. 'जुळवून घेतलं' म्हटलं की त्यात नाइलाज येतो, आणि 'अनुकूलन' जीवशास्त्राच्या पुस्तकातलं वाटतं.

चार दिवस कसे गेले तेही सांगते. गिम्हे विमानतळावरून छोटी रेल्वे, मग दोनदा मेट्रो बदलून वसतिगृह. ते डोंगराच्या उतारावर, त्यामुळे शेवटचा चढ बॅगा ओढत. खोलीत गादी होती, उशी-पांघरूण नव्हतं. ते आपलं आपण आणायचं असतं हे मला माहीत नव्हतं आणि रात्री दुकानं बंद. शेवटी कोट पांघरून खाली फरशीवर झोपले, कारण इथे जमीनच आतून गरम असते. दुसऱ्या दिवशी बाजारातून रजई आणली. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने उष्ट्या-खरकट्याचा डबा कुठे रिकामा करायचा ते दाखवलं. चौथ्या दिवशी नकाशा न बघता योग्य बसमध्ये चढले, योग्य थांब्यावर उतरले, आणि तेव्हा हा शब्द मनात आला. तो चुकला का?

वाटसरू
चुकलेला नाही. रुळणे म्हणजे रुळावर येणे. गाडी एकदा रुळावर आली की आली, त्याला वर्ष कशाला? रेल्वे आल्यावर हा शब्द आपल्याकडे आला असणार.

जुनी वही
रेल्वेशी याचा संबंध नाही. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. त्याच्या दोनशे वर्षं आधी तुकोबा विठ्ठलाचं वर्णन करताना म्हणतात, 'रुळे माळ कंठी वैजयंती'. गालावर केस रुळतात, खांद्यावर शेला रुळतो. जे सैल सोडलेलं आहे आणि अंगाच्या हालचालीबरोबर आपोआप हलतं, ते रुळतं. माणसाच्या बाबतीत अर्थ तिथूनच आला असावा. नवी माळ टोचते, जुनी झाली की गळ्यात आहे हेसुद्धा कळत नाही.

वाटसरू
माळेचं रुळणं आणि माणसाचं रुळणं हे एकच क्रियापद आहे हे कशावरून? दोन वेगळे शब्द एकसारखे दिसू शकतात. तुमचा पुरावा माळेपुरताच आहे.

जुनी वही
मग 'रुळलेली वाट' घ्या. पायाखाली येऊन येऊन जी मऊ झाली ती. तिथे गाडी नाही आणि रूळही नाहीत. आमच्याकडे नवा खोंड जुवाला रुळला म्हणत, आणि त्याला एक हंगाम तरी जायचा. त्यामुळे मी आजींच्या बाजूने. चार दिवसांत वाट पडत नाही.

उंबरठा
'सून रुळली' हेही त्याच रांगेत बसवा. लग्नानंतर दोन वर्षं मला प्रत्येक पाहुणा विचारायचा, रुळलीस का? सासर माझ्याशी रुळलं का, हे एकानेही विचारलं नाही. खोंड आणि सून दोघांना एकच क्रियापद, म्हणून मला तो शब्द आवडत नाही. सोनचाफा, तू स्वतःच्या मर्जीने गेली आहेस. तुझ्यासाठी 'रमले' आहे की. त्यात आनंद आहे.

जुनी वही
तुमचा अनुभव मान्य. पण शब्दाचा दोष मानत नाही. रुळणे अकर्मक आहे, कोणी कोणाला रुळवत नाही.

उंबरठा
वाक्यात कर्म नसतं म्हणून जबरदस्ती नसते असं थोडंच आहे.

अनुवादिका
मूळ प्रश्नाकडे येते. 'स्थिरावले' मी घेणार नाही. भाव स्थिरावतात, गढूळ पाणी स्थिरावतं. त्यात आधी खळबळ आणि मग शांतता लागते. 'सरावले' बसचा थांबा, चढ, कचऱ्याचा डबा यांना चपखल आहे, कारण हात आणि पाय सरावतात. पण कोरियन माणूस विचारतो ते आपल्या कुठल्या प्रश्नाच्या जागी, हे बघायला हवं. आपण परगावी गेलेल्या मुलीला 'जुळवून घेतलंस का' असं कधी विचारत नाही. आपण विचारतो, 'करमतं का गं तिकडे?'

सोनचाफा
आजीचं फोनवरचं पहिलं वाक्य तेच असतं! करमतंय न्हवं? आणि दुसरं, जेवलीस न्हवं?

वाटसरू
करमणे म्हणजे 'मन करणे', त्यावरून करमन, करमणूक. आमच्या मास्तरांनी शिकवलेलं आहे.

जुनी वही
मास्तरांबद्दल आदर आहे, पण ते 'क्रम्' धातूकडून आलं. कालक्रमणा म्हणजे वेळ घालवणं. वेळ बरा जातो तेव्हा करमतं. म्हणून कर्ता 'मी' नसतो, 'मला करमतं' असं म्हणतो. भूक लागते, थंडी वाजते, तसं करमतं किंवा करमत नाही. ते ठरवून होत नाही.

सोलापूरकर
बुसानजवळ चांगवॉनला कारखान्यात तीन वर्षं होतो, म्हणून लिहितो. जॉगुंग हा कागदावरचा शब्द. खरी चौकशी तिथे जेवणाची असते. वर्गात शिकवतात 'बाप मॉगॉसॉयो?' बाप म्हणजे शिजवलेला भात, आणि भात म्हणजेच जेवण. पण बुसानात ऐकू येतं 'बाप मुगॉन्ना?' पहिला आठवडा मला वाटायचं मी चुकीची भाषा शिकून आलो. तिथल्या ग्योंगसांग बोलीत होय-नाही उत्तराचा प्रश्न 'ना'ने संपतो, आणि काय, कुठे, कोण असं विचारायचं असेल तर 'नो'ने. राजधानी सोलच्या प्रमाण भाषेत हा भेद नाही. आवाजाची चढउतारही वेगळी, सोलच्या माणसाला ते भांडतायत असं वाटतं.

सोनचाफा
अगदी असंच झालं! सोलची भाषा शिकून आले आणि जागालची बाजारात एक शब्द कळेना. मासे विकणाऱ्या बायका ओरडत होत्या 'ओइसो, बोइसो, साइसो'. मैत्रिणीने सांगितलं: या, बघा, घ्या. मिरजेच्या मंडईत उभी असल्यासारखं वाटलं. तिथेच माझी एक चूक झाली. एका बाईंना मी 'आजुम्मा' म्हटलं, पुस्तकात मध्यमवयीन बाईसाठी तोच शब्द होता. त्यांचा चेहरा उतरला. मैत्रीण हळूच म्हणाली, 'इमो' म्हण. इमो म्हणजे मावशी, आईची सख्खी बहीण. खानावळीतसुद्धा वाढणाऱ्या बाईंना इमोच म्हणतात.

उंबरठा
म्हणजे आपल्या दवाखान्यातल्या मावशी! आत्याला वेगळा शब्द आहे का?

सोलापूरकर
आहे, गोमो. पण खानावळीत गोमो कोणी म्हणत नाही. माया आईकडूनची. जागालचीच्या बायकांना तिथली माणसं कौतुकाने 'आजिमे' म्हणतात, तो आजुम्माचाच बोलीतला अवतार. पण ते तिथल्या माणसाच्या तोंडी शोभतं, आपण इमोच म्हणावं.

अनुवादिका
इथे मला बोलायलाच हवं. आपण 'मावशी' कोणाला म्हणतो? फरशी पुसणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईंना. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंना कोणी मावशी म्हणत नाही, त्या मॅडम. नात्याचा शब्द देऊन आपण पगाराची आणि पदाची गोष्ट झाकतो. भाषांतरात 'इमो'ला 'मावशी' लिहिलं तर हा सगळा मळ सोबत येईल.

गिरणगावकर
माझी आई महापालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं 'मावशी' होती. तिला त्या हाकेचा कधी राग आला नाही. राग यायचा तो नाव विचारल्याशिवाय 'ए बाई' म्हणणाऱ्याचा. तुम्ही मावशी काढून घेतली तर लोक 'ए बाई'वर येतील, मॅडमवर नाही.

अनुवादिका
आपल्या आईंचा अनुभव मी नाकारत नाही. तरी नाव विचारणं हा तिसरा मार्ग आहे, एवढंच म्हणते.

वाटसरू
कोरियनमध्ये वडिलांना 'आप्पा' म्हणतात हे कोणी लिहिलं नाही! आपले आप्पा तेच. अयोध्येची राजकन्या कोरियात राणी होऊन गेली होती, तिच्यासोबत शब्द गेले असणार. तिची समाधी गिम्हे शहरात आहे, त्याच्याच नावाच्या विमानतळावर सोनचाफा उतरली.

जुनी वही
समाधी आहे आणि कथाही आहे. 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात ती येते: 'आयुता' देशाची राजकन्या इसवी सन ४८ मध्ये समुद्रमार्गे आली आणि सुरो राजाशी तिचं लग्न झालं. म्हणजे घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेली. आयुता म्हणजे अयोध्याच, हे नावाच्या सारखेपणावरून मानलेलं आहे. आणि आप्पा, आम्मा हे आवाज बाळाच्या ओठांवर पहिले येतात, म्हणून जगभर सापडतात. आपले आप्पा कानडीच्या शेजारातले. त्यासाठी जहाज लागत नाही.

वाटसरू
मिरजेहून बुसानला गेलेल्या मुलीला मंडई आणि मावशी सापडते, तेव्हा काहीतरी जुनं नातं असणारच. माझं मत बदललेलं नाही.

आखणी
उशिरा आलो. लेखात 'एक्सचेंज स्टुडंट' लिहिलं आहे का? कृपा करून 'आदानप्रदान-विद्यार्थिनी' लिहा. मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला?

गिरणगावकर
हा शब्द तोंडात मावत नाही. 'बदली विद्यार्थी' म्हणायला हरकत नव्हती, पण तो शब्द आमच्याकडे आधीच जड आहे. माझे वडील १९८२ च्या संपाआधी गिरणीत बदली कामगार होते. सकाळी दारावर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर त्या दिवशी काम. बदली म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर उभा असलेला माणूस. या मुलीला स्वतःची जागा आहे, तिला बदली म्हणू नका.

सोनचाफा
तुमचं वाचून थांबले जरा. कोरियनमध्ये मला 'ग्योह्वान हाक्सेंग' म्हणतात. हाक्सेंग म्हणजे विद्यार्थी. त्या रजईच्या पावतीवर खाली ठळक 'ग्योह्वान' छापलेलं दिसलं, वस्तू बदलून मिळण्याच्या नियमाखाली. माझा आणि रजईचा शब्द एकच! त्यांना त्यात काही खटकत नाही. मी लेखात 'एक्सचेंज' ठेवलंय, कारण घरीही सगळे तेच म्हणतात.

आखणी
घरी म्हणतात म्हणून छापायचं, तर मग अंकाला संपादक कशाला हवा? 'विनिमय' तरी करा.

अनुवादिका
विनिमय म्हटलं की मला परकीय चलन आठवतं. आखणी, आपलं मत पोचलं.

सोलापूरकर
'रुळणे'वर एक राहिलं. बुसानमध्ये डोंगराच्या कमरेवरून जाणारे रस्ते आहेत, सानबोक-दोरो. १९५० ला उत्तर आणि दक्षिण कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि बुसान तात्पुरती राजधानी झाली, तेव्हा उत्तरेकडून पळून आलेल्या लोकांनी त्या उतारांवर झोपड्या बांधल्या. लढाई थांबली की परत जायचं, या हिशोबाने. १९५३ ला लढाई थांबली, पण वाट बंद झाली. घरच्या थंड शेवयांना लागणारं बकव्हीटचं, म्हणजे कुट्टूचं, पीठ मिळेना, म्हणून मदतीत आलेल्या गव्हाच्या पिठाच्या केल्या. ते 'मिलम्योन' आज बुसानचं म्हणून खातात. ही माणसं रुळली म्हणायची, की रुजली?

उंबरठा
रुजली. रुजायला आधी कुठून तरी उपटलेलं असावं लागतं.

जुनी वही
उपटलेलं रोप रुजत नाही, ते जगतं किंवा मरतं. रुजतं ते बी. इथे 'जगली' हाच शब्द खरा.

सोनचाफा
सोलापूरकर, सानबोक-दोरोवर या रविवारी जाते.

सरांना कळवलं की 'स्थिरावले' नको, 'सरावले' करा. त्यांचं उत्तर नाही, बहुतेक छापायला गेलं. ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाने आल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असा इथे नियम आहे, त्याची तारीख मला मिळालीय. आजीला म्हटलं, सरकार तीन महिने देतं आणि तू एक वर्ष मागतेस. सत्र जूनमध्ये संपतं, म्हणजे तिच्या हिशोबाने मी रुळायच्या आत परत येईन. ती म्हणाली, "मग ये की. रुळायला मिरज हाय." आणि जेवलीस का विचारून फोन ठेवला.

गिरणगावकर
त्या रजईवरून आठवलं. गावाहून मुंबईला येताना आमची माणसं वळकटी घेऊन यायची: चटई, वाकळ, उशी, सगळं एकात गुंडाळून सुतळीने बांधलेलं. 'वळकटी' अजून कोणाच्या बोलण्यात आहे का? आमच्या घरातून तो शब्द वडिलांबरोबर गेला.

जुनी वही
साताऱ्याकडे 'वळकुटी'ही ऐकलंय. उकार कुठून आला ते बघायला हवं.