सेंट पीटर्सबर्गची पहिली भेट : चार दिवसांत काय पाहावे आणि काय सोडावे?

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रश्न

नमस्कार. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी, माझी पत्नी आणि माझे वडील असे तिघे जण मॉस्कोमार्गे सेंट पीटर्सबर्गला जाणार आहोत. आम्हा तिघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास आहे. वडील ७१ वर्षांचे असून पाटबंधारे विभागातून निवृत्त झालेले आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत आहे, फक्त जिने चढताना गुडघे कुरकुरतात.

शहरात आम्हाला पूर्ण चार दिवस मिळणार आहेत. हर्मिटेज (झारच्या जुन्या राजवाड्यातले कलासंग्रहालय), सेंट आयझॅक कॅथेड्रल, सम्राट अलेक्झांडर दुसरा याच्यावर हल्ला झाला त्या जागी बांधलेले रक्तावरील तारणहाराचे चर्च, पीटर-पॉल किल्ला, पीटरहॉफची कारंजी, त्सारस्कोये सेलोच्या राजवाड्यातला अंबर कक्ष (अंबर नावाच्या पिवळसर राळेच्या खड्यांनी मढवलेली खोली) आणि रात्री उघडणारे पूल, अशी यादी मी केली आणि ती वडिलांना दाखवली, तर ते म्हणाले, "ही सहल आहे की तपासणी दौरा?" तेव्हापासून मलाही शंका येऊ लागली आहे. यातले काय वगळावे, हर्मिटेजला एक दिवस पुरतो का, आणि पत्नी माळकरी असल्यामुळे तिच्या जेवणाचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दुधनेचे पाणी (सेलू) यांचे उत्तर

तुमच्या वडिलांच्या बोलण्यातच निम्मे उत्तर आले आहे. आम्ही गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी हर्मिटेज आणि आयझॅक कॅथेड्रल दोन्ही उरकायचे असा हट्ट मी धरला होता, आणि त्याचे फळ म्हणून सायंकाळी आम्ही सगळे जण राजवाड्यासमोरच्या चौकात अलेक्झांडर स्तंभाजवळ पाय चोळत बसलो होतो. तो स्तंभ मात्र बसल्या बसल्या न्याहाळण्यासारखाच आहे. १८३४ मध्ये त्याचे अनावरण झाले, पायथ्यापासून देवदूताच्या पुतळ्यापर्यंत त्याची उंची ४७.५ मीटर आहे आणि त्याचा अखंड ग्रॅनाइटचा खांब चौथऱ्यात कोठेही रोवलेला नसून केवळ स्वतःच्या वजनावर उभा आहे.

हर्मिटेजला एक दिवस पुरत नाही आणि आठवडाही पुरत नाही. सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने १७६४ मध्ये विकत घेतलेल्या चित्रांपासून सुरू झालेला हा संग्रह आज तीस लाखांच्या घरात गेला आहे, त्यामुळे सगळे पाहण्याचा विचारच मनातून काढून टाकावा आणि तीन-चार ठिकाणे नक्की करून सकाळी दार उघडताच आत शिरावे. मी तुमच्या जागी असतो तर आधी जॉर्डन जिना पाहिला असता. याच जिन्याने उतरून झार नेवा नदीच्या जलपूजनाला जात असे, म्हणून त्याला जॉर्डन नदीचे नाव पडले. त्यानंतर जेम्स कॉक्सचे मोराचे घड्याळ पाहावे आणि मग थेट रेम्ब्रांटच्या दालनात जावे.

तेथे 'उधळ्या पुत्राचे पुनरागमन' या चित्रासमोर वडिलांना निदान पंधरा मिनिटे थांबू द्या. दुरून फक्त अंधार आणि एक लाल शाल दिसते. थोडे जवळ गेल्यावर गुडघे टेकलेल्या मुलाच्या पायातून निसटलेला जोडा आणि उघडा पडलेला मळका तळवा दिसतो, आणि त्यानंतर त्याच्या पाठीवर ठेवलेले बापाचे दोन्ही हात दिसतात. ते हात एकसारखे नाहीत, हे माझ्या आईने मला दाखवले. मी तोवर पुढच्या दालनाचा नकाशा शोधत होतो.

संग्रहालय सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवूनच दिवस ठरवावेत.

नांदेडची ताई यांचे उत्तर

माझी मुलगी तेथे वैद्यकीय शिक्षण घेत होती, त्या निमित्ताने माझे दोनदा राहणे झाले. त्या अनुभवावरून प्रेक्षणीय स्थळांपेक्षा आधी पैशांविषयी सांगते. मार्च २०२२ पासून रशियाबाहेरच्या बँकांनी दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे तेथे चालत नाहीत. आमच्या सहल आयोजकाने "कार्ड चालते, काळजी नको" असे छातीठोकपणे सांगितले होते आणि त्यावर विसंबून मी पहिल्याच दिवशी औषधांच्या दुकानात सामान काउंटरवर तसेच ठेवून परत फिरले. तेव्हा डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न चुरगळलेल्या नोटा सोबत ठेवा आणि तेथील बँकेत त्यांचे रूबल करून घ्या. भारतीयांसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसाची सोय झालेली आहे. त्याच्या मुदतीच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या रशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच वाचाव्यात.

मुक्काम नेव्स्की प्रॉस्पेक्टच्या आसपास, म्हणजे हर्मिटेज ज्या काठावर आहे त्याच काठावर ठेवा. जहाजांना वाट देण्यासाठी नेवेवरचे पूल मध्यरात्रीनंतर उचलले जातात, आणि तुम्ही पाहायला एका काठावर व मुक्काम दुसऱ्या काठावर असे झाले, तर पहाटेपर्यंत ताटकळत बसावे लागते. जूनमध्ये तेथे काळोख असा होतच नाही. रात्री अकरा वाजता आपल्याकडच्या दिवेलागणीसारखा उजेड असतो, त्यामुळे झोपेचे गणित पार बिघडते आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा जास्त त्रास होतो. डोळ्यांवर बांधायची पट्टी जरूर न्यावी.

वडिलांच्या गुडघ्यांसाठी मेट्रो सोयीची आहे, पण अॅडमिरल्टेयस्काया स्थानक ८६ मीटर खोल आहे आणि सरकत्या जिन्यावर जवळजवळ तीन मिनिटे उभे राहावे लागते. कठडा धरून उजव्या बाजूला उभे राहावे, कारण घाईतले लोक डावीकडून धावत उतरतात. आयझॅक कॅथेड्रलच्या वरच्या सज्जात जायला मात्र दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत. वडिलांनी खालूनच पाहावे. आतले मॅलकाइटचे हिरवे आणि लाजवर्दाचे निळे खांब काही वर नाहीत.

तुमच्या पत्नीच्या जेवणाची फार अडचण येत नाही, मात्र बोर्श्च या बिटाच्या सारात बहुधा मांसाचे पाणी असते, त्यामुळे ते टाळावे. बटाट्याचे सारण भरलेले वारेनिकी (करंजीच्या आकाराचा उकडलेला पदार्थ) आणि ग्रेच्का नावाचा, आपल्याकडे कुट्टू म्हणतात त्या धान्याचा मोकळा भात सगळीकडे मिळतो. 'पोस्नोये' हा शब्द पाठ करून ठेवावा. त्यांच्या धार्मिक उपवासाच्या पदार्थांना तो लावतात आणि अशा पदार्थांत मांस, दूध व अंडी नसतात. तरीही मासे आहेत का, हे वेगळे विचारावे. बोल्शाया कोन्युशेन्नाया रस्त्यावर १९५८ पासून चालू असलेले पिश्कीचे एक दुकान आहे. कढईतून काढलेल्या, वर पिठीसाखर भुरभुरलेल्या त्या गोल पिश्की खाताना सगळ्या कपड्यांवर साखर सांडते, आणि हात पुसायला पेपर नॅपकिनऐवजी नुसते कागदाचे कपटे मिळतात.

खापरी नळ (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

वडील पाटबंधारे खात्यातले आहेत, हे वाचून राहवले नाही. पीटरहॉफ आणि त्सारस्कोये सेलो यांपैकी एकच निवडायचे असेल, आणि चार दिवसांत एकच निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे, तर त्यांना पीटरहॉफलाच न्या. अंबर कक्ष सुंदर आहे यात वाद नाही, पण मूळ कक्ष दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने उचलून क्योनिग्जबर्गला नेला आणि तेथून तो कायमचा नाहीसा झाला. आपण पाहतो ती २००३ मध्ये पूर्ण झालेली प्रतिकृती आहे, आणि जूनमध्ये तिच्यासाठी लागणारी रांग एकादशीच्या दर्शनबारीची आठवण करून देते.

पीटरहॉफच्या कारंज्यांना पंप नाही. झार पीटरने १७२० च्या सुमारास रोप्शाच्या उंचवट्यावरचे झरे हेरले आणि तेथून सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या कालव्याने पाणी आणवले. आजही केवळ उताराच्या जोरावर सॅमसनच्या पुतळ्यासमोरच्या सिंहाच्या जबड्यातून २० मीटर उंच धार उडते. आमच्या संभाजीनगरच्या पाणचक्कीचे तत्त्व याहून वेगळे नाही. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून आणायचे, वरून पडू द्यायचे आणि त्यावर जाते फिरवायचे. आपल्याकडे त्या पाण्याने दर्ग्यातल्या फकिरांचे दळण दळले आणि तिकडे त्याने झारचे पाहुणे भिजवले, एवढाच काय तो फरक! तेथे पाऊल पडताच अंगावर पाणी उडवणारी खोडकर कारंजीही आहेत, तेव्हा कॅमेरा सांभाळावा.

हर्मिटेजसमोरच्या धक्क्यावरून निघणारी वेगवान बोट अर्ध्या-पाऊण तासात पोहोचवते. मुख्य धबधबा सकाळी ११ वाजता संगीताच्या साथीने सुरू होतो, त्याआधी खालच्या कालव्याच्या कठड्यापाशी जागा धरावी.

मुकुंदवाट (अंबाजोगाई) यांचे उत्तर

वरच्या सगळ्यांनी राजवाड्यांचीच चर्चा केली आहे. माझी विनंती वेगळी आहे : यादीतला अंबर कक्ष गेलाच असेल, तर वाचलेल्या वेळातला अर्धा दिवस पिस्कर्योव्स्कोये स्मशानभूमीला द्यावा. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ असे ८७२ दिवस हे शहर जर्मन सैन्याच्या वेढ्यात होते, आणि त्या काळात मेलेल्यांपैकी जवळजवळ पाच लाख माणसे तेथे पुरलेली आहेत. गवताखालच्या लांबच लांब सामूहिक थडग्यांवर नावे नाहीत, केवळ वर्ष कोरलेले आहे. पहिल्या हिवाळ्यात कामगार नसलेल्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत असे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. तुमचे वडील त्याच पिढीचे आहेत.

नेव्स्की प्रॉस्पेक्टवर १४ क्रमांकाच्या इमारतीवर एक निळी पाटी आहे. तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू अधिक धोक्याची आहे, असा इशारा तीवर लिहिलेला आहे. हर्मिटेजमधली चित्रे तेव्हा आगगाडीने उरल पर्वताकडे हलवली होती आणि भिंतींवर रिकाम्या चौकटी राहिल्या होत्या. त्या चौकटी दाखवत संग्रहालयातल्या माणसांनी सैनिकांना आठवणीतली चित्रे वर्णन करून सांगितली. रेम्ब्रांटसमोर उभे राहाल तेव्हा हेही ठाऊक असावे.

जाता जाता, विषय सोडून एकच वाक्य : बोटलिंक आणि रॉथ यांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ या काळात याच शहरात छापला गेला, आणि आमच्या महाविद्यालयात त्याला आजही नुसते 'पीटर्सबर्ग कोश' म्हणतात.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. अंबर कक्ष आणि आयझॅकचा सज्जा यादीतून काढला आहे. पहिल्या दिवशी फक्त विश्रांती, किल्ल्यातली दुपारी १२ ची तोफ आणि पिश्की, दुसऱ्या दिवशी हर्मिटेज, तिसऱ्या दिवशी पीटरहॉफ, आणि चौथ्या दिवशी सकाळी स्मशानभूमी व दुपारनंतर तारणहाराचे चर्च, असे ठरले आहे. पूल पाहायला मी आणि पत्नीच जाऊ.

खापरी नळ यांचे उत्तर वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ गप्प बसले आणि विचारले, "रात्री कारंजी बंद करतात तेव्हा ते पाणी अडवतात कुठे?" मला उत्तर देता आले नाही.

खापरी नळ (छत्रपती संभाजीनगर)

वाटेतल्या तळ्यांत अडवतात, आणि दारे लावून सकाळपर्यंत साठा होऊ देतात. त्यांना सांगा की कारंज्यांच्या आधी वरच्या बागेतली चौकोनी तळी पाहा. पर्यटक तेथे थांबत नाहीत, त्यामुळे निवांत बसायला बाकही मिळेल.