फुकट गाणं की पन्नास रुपयांचं तिकीट? यंदाच्या उन्हाळी महोत्सवाचं काय करायचं

सतरंजी
सोलापुरात आमच्या भागात गेली सहा वर्षं मे महिन्यात चार संध्याकाळी गाण्याचा महोत्सव होतो. शाळेचं मैदान, उघडं स्टेज, वर मांडव नाही. प्रवेश सगळ्यांना मोफत. माझ्याकडे सतरंज्या अंथरायचं आणि पाण्याचे जार मोजून घ्यायचं काम. यंदाच्या पहिल्या बैठकीत मी नुसतं म्हटलं, "माणशी पन्नास रुपये तिकीट लावू, बारा वर्षांखालच्या पोरांना सोडून देऊ," तर चौघं अंगावर आले. "गाणं विकायला बसलाय का?" तिथं नीट बोलता आलं नाही म्हणून इथं टोपणनावानं लिहितोय.

गेल्या वर्षीची तिसरी संध्याकाळ सांगतो. पत्रिकेवर वेळ साडेसातची. आपल्याकडे मेमध्ये सात वाजता दिवस मावळतो, पण जमीन साडेआठपर्यंत वाफा सोडत असते, तरी लोक सव्वासातलाच चादरी टाकून बसले होते. ज्यांनी त्या दिवसाचा खर्च उचलला होता ते साहेब आले आठ दहाला. मग दीपप्रज्वलन. मग चौदा जणांचा सत्कार, प्रत्येकाचं नाव आडनावासकट, दोघांचं चुकलं म्हणून परत. मग मनोगत. गायिकेच्या हातात माईक आला तेव्हा नऊला पाच कमी होते. आणि दहाला बंद करावंच लागतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. बारापर्यंत सूट देता येते ती वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांपुरती. ते दिवस गणपती-नवरात्रात संपतात, आमच्या मैदानापर्यंत कोण पोचू देतोय.

म्हणजे गाणं किती झालं? एक तास पाच मिनिटं. मी साउंडवाल्याशेजारी उभा होतो. बाईंनी भैरवी धरली आणि त्याच्याकडे बघितलं. त्यानं दोन बोटं दाखवली. बाईंनी अंतरा सोडला, मुखडा एकदा घेतला आणि हात जोडले. पुढं बसलेल्यांतला एक माणूस काही बोलला नाही. फुकट आलेला माणूस कुठल्या तोंडानं बोलणार? पन्नास रुपये दिले असते तर सत्काराच्या चौथ्या नावालाच मागून शिट्टी आली असती. माझं म्हणणं एवढंच आहे. पैशासाठी नाही, शिट्टीच्या हक्कासाठी तिकीट.

पूर्वभाग
अण्णा, तुम्ही 'पन्नास रुपये' असं सहज म्हणून गेलात. आमच्या घरात सहा माणसं. आई विड्या वळते, वडील लूमवर. सहा पन्नासं तीनशे, चार दिवसांचे बाराशे. एवढे घालून कोण येणार?

आणखी एक सांगतो. आमच्या घरावर पत्रा आहे. मेमध्ये रात्री अकरापर्यंत आत बसवत नाही, पंखा गरम हवाच फिरवतो. आम्ही पहिल्या वर्षी तुमच्या मैदानात गाणं ऐकायला आलोच नव्हतो, वारा खायला आलो होतो. गाणं कानावर पडलं ते नंतर. आईला मराठी कामापुरतं येतं, घरात तेलुगू. पण दुसऱ्या वर्षी एका बाईंनी म्हटलेली ठुमरी ती अजून विड्या वळताना गुणगुणते. शब्द एकही बरोबर नाही, चाल पक्की. दाराशी तिकीट असतं तर ती चाल आमच्या घरात कशी आली असती?

डग्गा
सतरंजीला माझा पूर्ण पाठिंबा. मी साथीला बसतो, तबल्यावर. नाव नको, लहान गाव आहे.

माझ्या कपाटात एकोणीस शाली आहेत. सोलापुरात. मे महिन्यात मिळालेल्या. एकदा एकीच्या बदल्यात नुसते रिक्षाचे पैसे द्या म्हटलं तर आयोजक हसले, त्यांना वाटलं मी विनोद करतोय. मुख्य गायकाला बिदागी पाकिटात मिळते, ती बरोबरच आहे. साथीदारांचं 'बघू नंतर'. आणि हे 'नंतर' फुकट कार्यक्रमातच असतं, कारण तिथं जमा किती झाले हे कुणाला विचारताच येत नाही. सगळं 'सौजन्यानं' आलेलं.

कोरड्या उन्हात तबल्याचा सूर चढतो हे ऐकणाऱ्याला कळत नाही. घरी पेटीच्या काळी चार पट्टीला लावून निघालो तर मैदानात पोचेपर्यंत वर गेलेला असतो. एकदा दुपारी टेम्पोत जोडी राहिली, संध्याकाळी पिशवी उघडली तर पुडीला, म्हणजे वरच्या चामड्याला, मैदानापासून काठापर्यंत चीर. (आमच्या मैदानापासून, तुमच्या नव्हे. तबल्याच्या शाई आणि किनारीच्या मधल्या भागालाही मैदानच म्हणतात.) नवी पुडी माझ्या खिशातून. वर शाल.

वारीवाला
गाणं ही सेवा आहे. पंढरपूर इथून दीड-दोन तासांवर, आपण त्या मातीतली माणसं. तुकोबांनी तर जिथं कीर्तन करायचं तिथं जेवूसुद्धा नये असं सांगून ठेवलंय. आणि आपण दाराशी पावतीपुस्तक घेऊन बसणार?

डग्गा
माउली, ते कीर्तनकारानं स्वतःला लावून घ्यायचं बंधन आहे, ऐकणाऱ्यानं त्याच्यावर लादायचं नव्हे. आणि कीर्तन संपल्यावर आरतीचं ताट फिरतं ते तुम्हीही बघता. तुमच्या सेवेत माझी पुडी कुठं बसते तेवढं सांगा.

जुळेसोलापूरकर
पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, तिकीट काढून लोक दिवसदिवस बसतात. भारतीय बैठक स्वस्त, खुर्ची महाग. तिथं कुणी म्हणत नाही गाणं विकलं. आपल्याकडे फुकटची सवय लागलीय. फुकट म्हणून लोक येतात, भेळ खातात, मोबाईलवर बोलतात, पोरं स्टेजपुढं पळतात. पन्नास रुपये दिले की माणूस गप्प बसून ऐकतो.

गड्डाप्रेमी
काय बोललालास बे. गप्प बसून ऐकायचं असेल तर हुतात्मा स्मृती मंदिर आहे की. एसी आहे, खुर्च्या आहेत, तिकीट काढ आणि बस. मैदानात पोरं पळणारच. बनारसला संकटमोचनच्या देवळात ऐन एप्रिलच्या उकाड्यात रात्र रात्र गाणं चालतं, दारात तिकीट नाही. जालंधरचं हरिवल्लभ संगीत संमेलन १८७५ पासून चालू, तेही फुकट. तिथले लोक काय बहिरे आहेत?

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला बघ. होम मैदानावर दारूकाम अख्खं शहर मान वर करून फुकट बघतं. तिकीट पाळण्याला असतं.

डग्गा
संकटमोचनला मोठेमोठे कलाकार हजेरी लावायला जातात, मारुतीपुढं. शाळेच्या मैदानात आम्ही कुणापुढं हजेरी लावायची? पीटीच्या सरांपुढं?

हिशेबी
भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी सांगतो, कारण बैठकीत हे कुणीतरी विचारणारच.

तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर गाण्याच्या कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. तेव्हा पन्नासला ती भीती नको.

दुसरी गोष्ट मात्र उलटी आहे. कॉपीराईट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक सूट आहे. हौशी मंडळानं पैसे न देणाऱ्या श्रोत्यांपुढं गाणी सादर केली तर ते उल्लंघन धरत नाहीत. तुमची शेवटची संध्याकाळ जुन्या सिनेगीतांची असते आणि भागातलीच मुलं-मुली गातात. तिला तिकीट लावलंत की पैसे न देणारे श्रोते उरले नाहीत, सूट गेली. मग हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीचा परवाना आणि त्याची फी. अर्थात बाहेरून बिदागी देऊन वाद्यवृंद आणलात तर ते 'हौशी' नाहीतच, तिथं फुकट ठेवूनही ही सूट सांगता येणार नाही. बंदिशी-ठुमऱ्यांच्या संध्याकाळी बहुतेक जुन्याच चिजा असतात, तिथं हा प्रश्न क्वचित येतो. स्पीकरची लेखी परवानगी दोन्हीकडे लागतेच.

मोडनिंबकडचा
तुम्ही शहरातली माणसं हा वाद नव्यानं घालताय. तमाशाच्या फडांनी तो कधीच सोडवून ठेवलाय.

यात्रेत गाव सुपारी देतं. घरटी पट्टी गोळा होते, फडाला ठरलेली रक्कम जाते, बघणाऱ्याला तिकीट नाही. तोच फड दुसऱ्या गावाला कनात लावतो आणि तिकीट फाडतो. मी दोन्ही बघत मोठा झालो. सतरंजीदादा म्हणतात ते खरं आहे. सुपारीच्या गावात गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं नमन, झाला की सरपंच माईक मागतो, पंचांचे फेटे होतात, ढोलकीवाला हात पुसत बसतो. कनातीत कुणाची माईक मागायची टाप नाही. तिथं पब्लिक मालक.

पण कनातीची दुसरी बाजूही बघा. आमच्या आया-बहिणी सुपारीच्या गावातसुद्धा लांब पाराच्या कडेला उभ्या राहून तेवढंच ऐकायच्या. कनात लागली की तेवढंही गेलं. आणि आम्ही पोरं कनातीचं खालचं टोक वर करून मातीत पडून बघायचो. मला अजून गवळणीतल्या बायकांचे फक्त पाय आठवतात, घुंगरासकट. चेहरा एकीचाही नाही.

तेव्हा माझं मत: तिकीट नको, पट्टी घ्या. सौजन्यवाला एक साहेब नको, भागातली तीनशे घरं हवीत. ज्यानं पट्टी दिली त्याला शिट्टीचा हक्क.

जुळेसोलापूरकर
पट्टी कोण देतं आता? गणपतीला सुद्धा दार उघडत नाहीत, आयहोलमधून बघतात.

सतरंजी
पूर्वभाग, तुमचं वाचून मी काल रात्री काही लिहिलं नाही. पत्र्याच्या घराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही स्टेजवरून गर्दी बघून 'रसिक' म्हणतो, त्यातले निम्मे वाऱ्याला आलेले असतात हे खरं आहे. आणि त्यात वाईट काय, हेही खरं.

पण मोडनिंबकरांनी माझी अडचण बरोबर पकडली. मला तिकीट नको होतं, मालक बदलायचा होता. पट्टीची कल्पना मला पटते, पण ती मागत फिरायचं काम माझ्याच गळ्यात येणार हेही दिसतंय. गेल्या वर्षी आम्ही शेवटच्या दिवशी डबा ठेवला होता, स्टेजच्या पायऱ्यांशी. मीच उघडला. दहाच्या नोटा पुष्कळ, नाणी, एक शंभराची, आणि एक चिठ्ठी: 'पेटीवाल्यांना द्या, त्यांनी छान वाजवली.' चिठ्ठीबरोबर पैसे किती होते ते कळायला मार्ग नव्हता, सगळे एकत्र झाले होते. ते सगळेच विजेच्या बिलात गेले. पेटीवाल्यांना मी चिठ्ठी तेवढी दिली.

डग्गा
ती चिठ्ठी त्यांनी पेटीच्या खोक्यात, झाकणाच्या आतून चिकटवलीय. मी बघितलीय. तरीही पैसे द्यायला हवे होते.

सतरंजी
हो.

वारीवाला
मग आरतीच्या ताटासारखं करा ना. डबा पायऱ्यांशी ठेवला की कुणी उठून जात नाही. मध्यंतरात दोघांनी झोळी घेऊन रांगेतून फिरायचं, आणि आधी माईकवरून सांगायचं की हे साथीदारांचं आहे. मी तिकिटाच्या विरोधात आहे, देण्याच्या नाही.

गड्डाप्रेमी
मध्यंतर? एक तास पाच मिनिटांत?

पूर्वभाग
आईला विचारलं. ती म्हणाली, पट्टी देईन, शंभर रुपये घराचे, एकदाच. पण तिची अट आहे. गेल्या वर्षी आम्ही सातलाच येऊन पुढं चादर टाकली होती. आठला दोन पोरं आली, म्हणाली इथं सोफे लागणार आहेत, मागं सरका. सोफ्यावर बसलेले लोक सत्कार झाल्यावर निघून गेले आणि ते पाच सोफे शेवटपर्यंत रिकामे राहिले. आई मागून त्या रिकाम्या सोफ्यांच्या पाठी बघत बसली. ती म्हणते, पैसे देते, पण माझी चादर हलवायची नाही.

सतरंजी
ती दोन पोरं मीच पाठवली होती. आईंना माझा नमस्कार सांगा. सोफे यंदा आणायचेच नाहीत, हे मी बैठकीत लावून धरतो.

डग्गा
सोफे नाहीत तर साहेब येणार नाहीत. साहेब नाहीत तर भाषण नाही. नऊला पाच कमी असताना लागणारा षड्ज पावणेआठला लागेल. घ्या, तिकीट न लावताच सुटलं.

हिशेबी
सुटलं कुठं? साहेब नाहीत तर त्यांचा चेकही नाही. स्टेज, साउंड, जनरेटर, बाहेरच्या गायिकेचा प्रवास. आईंचे शंभर धरून तीनशे घरांचे तीस हजार झाले, आणि तेही सगळ्यांनी दार उघडलं तर. चार दिवसांचा खर्च भागत नाही यात.

मोडनिंबकडचा
मग दोन दिवस करा.

जुळेसोलापूरकर
दोन दिवस केलेत तर मी घरटी पाचशे द्यायला तयार आहे. पण पोरांना स्टेजपासून लांब ठेवा.

गड्डाप्रेमी
पोरं पळणार.

सतरंजी
रविवारी साडेसहाला शाळेत बैठक आहे. गेल्या तीन वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या घेऊन येतोय. हिशेबी, तुम्ही पण याच. डग्गा, तुम्हीही या, शाल मिळणार नाही.