मदत हवी आहे : घरून येणाऱ्या रीडिंगमधून आधी कोणाला फोन करायचा?

नमस्कार मंडळी, अकोले तालुक्यात माझं छोटं क्लिनिक आहे, सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट दम्यासारखा आजार) आणि हार्ट फेल्युअरचे (हृदय कमजोर झालेले) बरेच पेशंट लांबच्या वाड्यांवरचे, त्यामुळे नाडी, बीपी, ऑक्सिजन, वजन हे घरचे लोक रोज सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि सिस्टर ते एक्सेल शीटमध्ये भरते. न्यूज-2 स्कोअर (अशा आकड्यांना पॉइंट देऊन पेशंट किती गंभीर ते ठरवायची पद्धत, जास्त पॉइंट म्हणजे जास्त धोका) लावून यादी करतोय पण गडबड अशी होते की ऑक्सिजन 91 किंवा कमी आला की थेट 3 पॉइंट, म्हणजे सीओपीडीवाले आजोबा ज्यांचं 89-90 हेच नेहमीचं आहे ते रोज सगळ्यात वर, आणि ज्या मावशींचं वजन तीन दिवसात दोन किलो वाढलंय त्या खालीच राहतात, कारण या स्कोअरमध्ये वजन धरतच नाहीत!! हार्ट फेल्युअरमध्ये असं वजन वाढणं म्हणजे अंगात पाणी साठत असू शकतं, त्यामुळे मला खरी काळजी त्यांचीच वाटते.

याच स्कोअरमध्ये ऑक्सिजन 88-92 ठीक धरणारी दुसरी स्केल आहे माहितीये पण ती रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असल्याचं पक्कं झालेल्यांसाठीच, आणि इथे ते बघायची एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) होत नाही.

तर प्रत्येकाची स्वतःची बेसलाइन (त्याचे नेहमीचे आकडे) धरून किती फरक पडला ते बघणारं साधं शीट कोणी वापरतं का? बेसलाइन किती दिवसांची धरता? श्वास मोजायला घरच्यांना कसं शिकवलंत तेही प्लीज सांगा, ते आकडे अगदीच अंदाजे येतात.