हडफड्याच्या रात्रबाजारात जुने कपडे घेताना काय काय बघायचं?

तळ्याकाठची (सावंतवाडी)
जानेवारीत आम्ही मैत्रिणी गोव्याला जाणार आहोत. शनिवारी हडफड्याचा (अर्पोरा) रात्रबाजार, दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या संगीत महोत्सवाला. दोन्हीकडे जुन्या कपड्यांचे स्टॉल असतात असं ऐकलंय. मला एक जुनं डेनिमचं जॅकेट आणि जुन्या रेशमी साड्यांपासून शिवलेला अंगरखा हवाय. पण खरंच जुनं काय आणि जुनं दिसावं म्हणून घासलेलं काय, ते कसं कळणार? आईला दुसऱ्याने वापरलेलं घालायचं म्हटलं की नको वाटतं, तिलाही काय सांगू?

म्हापसेकर
हणजुण्याचा (अंजुना) बुधवारचा बाजारही बघ. सत्तरच्या दशकात हिप्पी लोक मुक्काम वाढवायला पैसे हवेत म्हणून स्वतःचेच कपडे तिथे विकायचे, त्यातून तो सुरू झाला. आता बहुतेक माल नवाच असतो, पण शोधलं तर सापडतं. रात्रबाजारात गाणं सुरू झालं की गर्दीत काही धड बघता येत नाही, त्यामुळे स्टॉल लागतानाच जा.

कुडाळची शिलाई
बाय, मी शिलाईकाम करते. गोव्याहून आणलेले जुने कपडे दुरुस्तीला माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कपडा उलटा कर. बाहेरून कुणीही काहीही करतं, आतली शिलाई मात्र सगळं सांगते. साड्यांच्या अंगरख्यात आतल्या बाजूचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद असेल, जुन्या फॉलची किंवा रफूची खूण असेल, तर ती साडी खरंच कुणीतरी नेसलेली आहे. मग घडीच्या रेषेवर दोन्ही हातांनी अगदी हलकं ताणून बघ. रेशीम घडीवरच विरतं. तिथे करकर आवाज आला किंवा धागे सरकले तर तो कपडा सोडून दे, कितीही सुंदर असला तरी. विरलेल्या रेशमाला मी अस्तर लावू शकते, जीव घालू शकत नाही.

किनारीची जर नखाने किंचित खरवडून बघ. सोनेरी मुलाम्याखाली पांढरट चांदी दिसली तर खरी जर, तांबूस धातू दिसला तर तांब्याची. खऱ्या जरीच्या आत रेशमाचा धागा असतो आणि चांदीमुळे ती वर्षांनी काळवंडते. म्हणून काळी पडलेली किनार बघून तोंड फिरवू नकोस, मला तर तीच आधी दिसते. जुनी असूनही लखलखणारी जर बहुधा प्लास्टिकची. विकणाऱ्याने परवानगी दिली तर शिवणीतला एक सुटा धागा जाळून बघ. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, सुताला कागद जळल्यासारखा, आणि पॉलिएस्टरची कडक गोळी होते.

डेनिमचं वेगळं. लिव्हाइस कंपनीच्या खिशावरच्या लाल पट्टीवर १९७१ पर्यंत सगळी अक्षरं मोठी होती, नंतर ‘ई’ लहान झाला. पण मोठ्या ‘ई’ची जॅकेटं आता नव्यानेही निघतात, तेव्हा तेवढ्यावर पैसे देऊ नकोस. आत धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी आहे का बघ. अमेरिकेत १९७२ पासून ती सक्तीची झाली, म्हणजे ती नसेल तर जॅकेट त्याआधीचं असू शकतं. झिजही बघ. अंगावर झिजलेलं जॅकेट कोपराला, मनगटाला, कॉलरच्या घडीला झिजतं. यंत्राने घासलेलं सगळीकडे सारखं पांढुरकं दिसतं.

काखेत वास घे, लाज वाटून घेऊ नकोस. घामाने कुजलेलं सूत शिवलं तरी पुन्हा उसवतं. स्टॉलच्या पिवळ्या दिव्याखाली डाग लपतात, मोबाइलची बॅटरी लावून बघ.

आणि आईला सांग, बोहारीण दारात आली की आपणच घरातले कपडे देऊन पातेली घेत होतो. ते कपडे पुढे कुणाच्या तरी अंगावर गेलेच ना?

वालावलचो
गो बाय, इतक्या लांब कित्याक? आमचो बापूस लालबागेक गिरणयेत होतो. मे म्हयन्यात नि गणपतीक येताना मिलचां कापड घेवन येय. थानाच्या टोकाक गिरणीचा नाव छापलेलां आसायचां, ता टोक आयेन कधी कापूक दिल्यान नाय. १८ जानेवारी १९८२ क संप झालो नि ता येवचां बंद झालां. आयेचां लुगडां अजून पेटयेत आसा. तुझ्या आजयेची पेटी आधी उघडून बघ.

तळ्याकाठची
वालावलच्या काकांनू, आजीची पेटी आहे! या आठवड्यात उघडतेच. शिलाईताई, घरी आणल्यावर धुवायचं कसं? आणि महोत्सवात रेशमी घालून नाचलं तर?

कुडाळची शिलाई
नाचायला डेनिम घाल. रेशमावर घामाचे डाग बसतात. घालायचंच असेल तर आत बाह्यांचं पातळ सुती घाल.

धुण्याआधी ओला पांढरा रुमाल आतल्या कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का बघ. सुटला तर घरी धूच नकोस, ड्रायक्लीनला दे. नाहीतर रात्री भिजवलेल्या रिठ्याच्या थंड पाण्यात बुडवून हलकं हलव, पिळू नकोस, सावलीत आडवं पसर. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती फडकं ठेवून. डेनिमला मात्र दोन दिवस कडक ऊन दे.

पावसाळ्यात खरी काळजी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलंस की आपल्याकडच्या दमटात बुरशी आलीच. जुन्या सुती धोतरात गुंडाळ, सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेव, डांबरगोळी जरीला लागू देऊ नकोस. आजीच्या पेटीत घडी केलेलं लुगडं मिळालं तर घडी लगेच झटकून उघडू नकोस. आधी माझ्याकडे घेऊन ये, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान आहे.